गाळलेली वाटी

सुनेनं पहिल्यांदा दुधीचं सूप केलं, त्याच दिवशी मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

आमच्या डोंगरकडा गावात धडधाकट माणसाला कुणी पातळ पाजत नाही. ज्वारीची भाकरी जाते तोवर माणूस बरा. माझ्या सासूची भाकरी सुटली आणि मुगाचं कढण सुरू झालं, तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही, पण पाहुणे यायला लागले. येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येई. सासू हुशार बाई. पिशव्या बघून म्हणाली, "काहून आले रे समदे? म्या चालले का?" त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

म्हणून मला सूप बघून धडकी भरली. त्याच्या आधीच लेक आम्हा दोघांना घेऊन हिंगोलीला मोठ्या डॉक्टरकडे गेला होता. पोटात जळजळ व्हायची माझ्या. हे नुसते सोबतीला. आलेच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या, म्हणून लेकानं त्यांनाही आत बसवलं. जेवताना हे घासागणिक पाणी पितात, एवढीच काय ती तक्रार, आणि ती करणारीही मीच. नळीतला कॅमेरा दोघांच्या घशातून गेला. मग आम्हाला बाकड्यावर बसवून लेक एकटाच डॉक्टरकडे गेला, आणि बाहेर आला तो माझी नजर चुकवत.

"काही न्हाई, पित्त हाय दोघायला. पातळ खा म्हणले."

पित्तापायी कुणाचं तोंड एवढं उतरतं का?

सून वाशिमकडची, कामाला वाघ, पण तिच्या स्वयंपाकाचा गुरू म्हणजे मोबाइल. दुधी, गाजर, मूठभर मूगडाळ कुकरला लावायची, मिक्सरमधून काढायची, तुपात जिरं टाकून उकळी आणायची, की झालं सूप. एक दिवस लाल भोपळ्याचं, एक दिवस पालकाचं. तिखट नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, लसणाचा वाससुद्धा नाही. आमची हळद अख्ख्या मोंढा बाजारात नावाजलेली, आणि हिच्या सूपात ती चिमूटभर पडायची. रंग तेवढा छान यायचा. चव मात्र उपासाच्या दिवशी तोंड धुतल्यासारखी.

"घ्या की आई, पोटाला थंड असतंय," ती म्हणायची. एवढं गोड ती एरवी बोलत नाही. माझा संशय आणखी वाढला.

हे मात्र पहिल्या दिवसापासून वाटी तोंडाला लावून मोकळे. भाकरीला हात नाही. "मस्त झालंय," म्हणायचे. जन्मात माझ्या भाजीला मस्त म्हणाले नाहीत, आणि सुनेच्या या पाण्याला मस्त! मला वाटलं, लाडीगोडी लावतात. आपण गेल्यावर यांना तिच्याच हातचं खायचंय, तर आतापासूनच संधान बांधून ठेवलंय. असा राग आला म्हणता!

मग हे आणि लेक पुन्हा हिंगोलीला गेले. काय तर म्हणे मोंढ्यात हळदीचा भाव विचारायला. हळद अजून शेतात उभी, आणि भाव कसला विचारता? माझे रिपोर्ट आणायला गेले असणार, दुसरं काय. संध्याकाळी परत आले, तर भाव काही कुणी सांगितला नाही.

त्यानंतर कनेरगाव नाक्याहून नणंद आली. हातात सफरचंदं.

"वहिनी, तुमी तरी नीट खात जा," असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला, आणि मग भावाजवळ बसून राहिली, त्यांचा हात हातात घेऊन. मी आतून बघत होते. बायको जाणार म्हणून भावाला धीर देऊन राहिली, असं मी मनाशी धरलं. मला खरंच भीती वाटत होती. पण कुणाला विचारायचं? विचारलं तर खरं सांगतील, याचीच भीती जास्त.

म्हणून मी उलटा हट्ट धरला. सूप घेतलं तर घेतलं, पण भाकरी सोडायची नाही. तव्यावर कडक करून, मिरचीच्या ठेच्यासोबत, सगळ्यांसमोर कडाकडा चावून खायची. बघा म्हणावं, जाते अजून. नवल म्हणजे मला कुणी अडवलं नाही. सून उलट आणखी अर्धी वाढायची. हे समोर बसून माझ्याकडे टक लावून बघायचे. मी मनात म्हणायचे, बघा, बघून घ्या.

एका संध्याकाळी मी दाराआडून सुनेवर पाळत ठेवली. तिनं कुकर उघडला, सूप केलं, आणि एक वाटी तेवढी पंच्याच्या फडक्यातून गाळली. बोटांनी दाबून, पिळून, अगदी लेकराचं औषध गाळावं तशी. बाकीच्या वाट्या तशाच भरल्या. गाळलेली वाटी यांच्यापुढे आली, माझ्यापुढे दाट. माझ्या सूपात जिभेला काही तरी रवाळ लागायचं, ते आता उमगलं. माझ्यासाठी सूपात औषध घालतात, आणि ते यांच्या पोटात जाऊ नये म्हणून यांचं गाळून देतात. पक्कं झालं.

हे हात धुवायला उठले, सून लिंबू आणायला आत गेली, तेवढ्यात चव पारखून खात्री करावी म्हणून मी वाट्या बदलल्या.

यांनी पहिलाच घोट घेतला आणि अडकला. खोकला नाही, नुसता घोगरा आवाज. डोळे पांढरे झाले, हात गळ्याशी गेला. सून आतून धावत आली, लेक बाहेरच्या ओट्यावरून. एकानं पाठ धरली, एकीनं मान. "कोनं देलं हे? गाळेल न्हाई हे!" सून ओरडली. गाजराचा एवढासा तुकडा बाहेर पडला, नखाएवढाही नसेल. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं, आणि तेव्हा मला सगळं कळलं.

श्वास सावरल्यावर यांनी डोळे पुसले. दोन्ही वाट्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून माझ्यापुढची वाटी आपल्याकडे ओढली.

"माझी ही हाय," म्हणाले.

लेकानं मान खाली घालून सांगितलं. अन्ननळीत गाठ आहे. वाट दिवसेंदिवस बारीक होत चाललीय.

"तुमाला कधी कळलं?" मी यांना विचारलं.

"भाव इचारायला गेलतो तवा."

"अन् मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू भाकरी सोडली असतीस."

इतके दिवस त्यांच्यासमोर बसून मी कडाकडा चावत होते.

दुसऱ्या दिवशी भोपळ्याचं सूप मी केलं. गाळताना फडकं पिळून पिळून माझी बोटं पिवळी झाली. यांची वाटी भरली, त्यातलंच माझ्या वाटीतही घेतलं, आणि समोर बसले. यांनी माझी वाटी बाजूला सारली आणि सुनेला हाक मारली.

"हिला भाकरी आन. कडक करून."

भाकरी आली. घास मोडला, चावला, पण तो घशाखाली उतरेना. तरी मी गिळला, कारण समोरून हे बघत होते.