गुरुवारची पायवाट

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा खाकी गणवेशातच एसटीच्या थांब्यावर आले. ते मेळघाटात गाइड होते. तिकडे शहरातले पाहुणे जिप्सीत बसून खोळंबलेले, वाघ कधी दिसतो म्हणून उतावीळ. आई म्हणाली, "अजी, पावने वाट पाहून राह्यले." बाबा म्हणाले, "पावने थांबतीन. एसटी नाही थांबत." माझी बॅग वर चढवली आणि लहानपणापासून रानात सांगायचे तेच पुन्हा सांगितलं, "तिकडं समोर समोर पयू नको, बाई. जो सगळ्यात हळू चालते, त्याले समोर ठेवा लागते. मंग कोनीच मांगं राह्यत नाही."

काय गंमत बघा. देशोदेशीचे लोक आमचं जंगल बघायला येतात, अस्वल, गवे, गाविलगडचे बुरूज बघून वेडे होतात, आणि मी ते सगळं सोडून चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायला निघाले होते. जंगलावर पोट भरत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण बस सुटली तशी खिडकीतून ओरडले, "बाबा, मी माझी माणसं घेऊन येईन! तेव्हा आम्हाला दाखवा जंगल!"

माणसं चाकणजवळच्या कुरुळीत मिळाली. एका खोलीत चौघी, कंपनीतही एकाच असेंब्ली लाइनवर. वाकड-मारुंजीच्या आयटीवाल्यांचे ट्रेक निघतात शनिवार-रविवारी, आणि आमच्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी आम्ही कपडे धुवायचो, ओव्हरटाइमची झोप काढायचो आणि पडल्या पडल्या मोबाइलवर दुसऱ्यांचे डोंगर बघायचो. एका बुधवारी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बास झालं, उद्या तिकोना किल्ला.

आणि आम्ही जो गाढवपणा केला, तो कंपनीवाल्यांनीच करावा! आपल्याकडचे सगळ्यात दणकट बूट कुठले? सेफ्टी शूज! पुढे बोटांवर लोखंडी वाटी असलेले. सगळ्या तेच घालून आलो, मीसुद्धा. चढताना काही वाटलं नाही. वर कातळातल्या टाक्याचं गार पाणी, खाली पवनेचं धरण, आमच्या पायांच्याही खाली तरंगणारी घार. आम्ही खुळ्यासारख्या हसत होतो. उतरताना मात्र दर पायरीला बोटं लोखंडावर आपटायला लागली. दोघी पुढे निघून गेल्या. बीडची शीतल अर्ध्या वाटेत खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. "माझ्याच्यानं न्हाई होत गं. तुम्ही जा. आन् परत मला कुठं बोलावू नका."

पहिल्याच गुरुवारी एक बाई रडत घरी गेली, तर दुसरा गुरुवार कसला आणि मेळघाट तरी कसला? मग बाबा आठवले. पुढच्या दोघींना हाका मारून थांबवलं. शीतलचे बूट काढले, पायांना ओढण्या गुंडाळल्या आणि तिलाच सगळ्यांच्या पुढे केलं. "आता तू चालशील तसं आम्ही चालणार." ती थांबली की आम्ही थांबायचो. एका ठिकाणी तिनं माकडांची पिल्लं दाखवली. चढताना आम्हाला ती दिसलीच नव्हती. खाली टपरीवर चहा घेता घेता तीच म्हणाली, "बोल, पुढच्या गुरुवारी कुठं? पर आधी बूट घ्यायचे हां!"

तेव्हापासून गुरुवार आमचा. लोहगड झाला, बेडशाची लेणी झाली. आता दुसऱ्या लाइनवरच्या बायकाही येतात, आणि सगळ्यात हळू चालणारी पुढे, हा नियम कुणाला सांगावा लागत नाही. गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, करमतं का तिकडं? बुधवारपर्यंत नाही करमत. गुरुवारी त्या रांगेत शेवटची चालताना मी घरीच असते.

मधल्या काळात बाबांचे गुडघे गेले. गणवेश खुंटीला लागला. जंगल दारात आहे आणि ते ओसरीवर बसून असतात, हे मला इथे बसून सहन होत नाही. परवा फोन केला. म्हटलं, मे महिन्यात कंपनीला शटडाउनची सुट्टी आहे, माझी माणसं घेऊन येतेय, आम्हाला बफरमधल्या, जंगलाच्या कडेच्या पायवाटेनं चालायचंय.

"ये ना, बाई. एखादा चांगला गाइड लावून देतो. मी आता कायचा चालतो? तुमाले उशीर करीन."

"होऊ द्या उशीर," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांच्या समोर चालायचं, बाबा. आम्ही मागून येतो."