पाल्यात मिसळलेली पूड

बायकोलाही हे ठाऊक नाही. तोंडाशी यायचं, पुन्हा गिळायचो. आज तुम्हाला सांगतो.

गडब गावाजवळ माझी माशांची तळी आहेत — रोहू, कटला. थंडी सुरू झाली की माशांच्या अंगावर लाल चट्टे उठतात, मग त्यांच्या जखमा होतात. आजूबाजूच्या तळ्यांत मासे मरायचे, माझ्याकडे नाही. लोक विचारायचे. मी सांगायचो — लसूण, हळद, कडुलिंबाचा पाला वाटून खाद्यात घालतो. रोह्याला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात मला माइकवर बोलायला लावलं. ‘औषधाचा कणही नाही,’ मी म्हणालो. टाळ्या पडल्या. आवडल्या मला.

पाला वाटायचो, हे खरं. पण त्यात — कसं सांगू — कोंबड्यांना देतात ती अँटिबायोटिकची पूड मिसळायचो. पेणहून आणायची, वापरली की पाकीट चुलीत घालायचं. नुसत्या पाल्यावर मासे टिकतात का, हे मी कधी करून पाहिलंच नव्हतं. आणि तेच मासे लोक निर्धास्त पोरांना भरवत होते. मी मात्र घरी समुद्राची मासळी आणायचो. किळस येते ना? मलाही येते.

माझी मावसबहीण सुमन रोह्याकडे दिली आहे. माझं भाषण ऐकून तिने शेतात तळं केलं. पाला कसा वाटायचा, ते मी तिच्या ओटीवर बसून शिकवलं. पूड तेवढी सांगितली नाही. सांगितली असती, तर माझं नाव कुठे राहिलं असतं?

त्या थंडीत तिने बोलावलं. गेलो, तर पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. वास घशात बसला. सुमन गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती.

“दादा, माझं काय चुकलं रं?”

काही मासे अजून जिवंत होते. पूड माझ्या गाडीच्या डिकीत होती. पण तिचा नवरा बांधावर उभा होता — त्याच्यासमोर काढायची कशी?

“पाला जून घेतलास गो तू,” मी म्हणालो.

“मी सांगत व्हतो, हिला जमायचं नाय,” नवरा म्हणाला.

ती खाली मान घालून मासे वेचत राहिली. दुपारी तिने मला जेवायला वाढलं. मी जेवलो. भात मागूनसुद्धा घेतला.

नवऱ्याने तळं बुजवलं. सुमन मात्र लोकांना माझ्याकडे पाठवत राहिली — चूक माझी झाली, दादाचा उपाय चांगला हाय, असं सांगून. आलेल्या प्रत्येकाला मी पालाच सांगितला.

मागच्या महिन्यात ती घरी आली होती. चहा पिता पिता हळूच म्हणाली, “दादा, परत तळं करू का? या वेळी पाला नीट बघून घेईन.”

“कर,” मी म्हणालो.

पुडीचं तेव्हाही बोललो नाही.