भांडी सकाळी घास

१९८६ साल, मी चौतीस वर्षांचा. काल लेकीच्या अंगणात चुलीच्या ओल्या राखेचा वास आला आणि मला ते साल आठवलं.

बायको जाऊन दोन महिने झाले होते. तुंगार्लीच्या बंगल्यावरचं माळीकाम उरकून आमच्या गावी, कान्ह्याला, घरी आलो, की थेट मोरीत भांडी घासायला बसायचो. सहा वर्षांची सखू माझी वाट बघून उंबऱ्यातच झोपायची. तिचा मामा तिला कायमची न्यायला येणार होता.

शेजारची मथुरा मावशी कुडावरून म्हणाली, "आरं, ती भांडी सकाळी घास. संध्याकाळी पोरीपाशी बस. मामाकडं पोर जाईल, भांडी न्हाई जायची."

"मावशी, मला शिकवू नगंस."

"मग बस घासत!"

तेव्हा लय राग आला होता. पण पुढं मामा आला आणि एकटाच परत गेला. माझ्या लेकीचं माहेर त्या बाईमुळं टिकलं. तिला तसं तोंडानं मी कधी म्हटलं न्हाई.

मावशी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तांबडं फुटायच्या आत राख घेऊन बसलो, आणि कुडापलीकडं ऐकू जावं म्हणून भांडी मुद्दाम दणादणा आपटली.