पेन्सिलीने लिहिलेली नावं

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे मस्तगडला बाईंकडे निघालो होतो. चप्पल घालतोय तेवढ्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला. "दादा, जल्दी या. बाई उठून न्हाई राह्यल्या..." मी पोचलो तेव्हा टेबलावर कम्प्युटर कापडाने झाकलेला होता आणि वहीवर भिंग नीट ठेवलेलं होतं. बाईंना जाऊन आता सव्वा महिना झाला.

वायाळ बाई राजूरच्या शाळेत मला चौथीला होत्या. माझे वडील एका पाटलांकडे सालगडी. घरात शिकलेलं कुणी नाही. सातवीनंतर मला कामाला लावायचं ठरलं, तेव्हा बाई थेट शेतात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "किसनराव, पाटलाला गडी दुसरा मिळंल. हे पोरगं मला शाळेत पायजे." वडिलांना 'राव' म्हणणारं ते पहिलं माणूस. मी बी.ए. झालो, जालन्यात कॉलेजात कारकून म्हणून लागलो, ते त्या एका दुपारमुळे.

निवृत्तीनंतर बाई जालन्यातच मस्तगडला एकट्या राहत. मुलगी सुनीता नोकरीसाठी नॉर्वेला गेली आणि तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं. एकदा नात फोनवर म्हणाली, "आजी, तुझ्याकडचे सगळे पूर्वज तू सांगितलेस. बाबाकडचे कुणालाच माहीत नाहीत." झालं... बाईंनी मनावर घेतलं. तिकडच्या चर्चची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं आणि जनगणनेच्या याद्या घरबसल्या कम्प्युटरवर बघता येतात. अक्षर मात्र फार अवघड. बाईंनी पहिलीच्या पोरांसारखं एकेक अक्षर गिरवलं, त्याचा तक्ता करून भिंतीला लावला. रविवारी मी पानं मोठी करून द्यायचो आणि त्या भिंग लावून वाचायच्या. नियम एकच. नाव आधी पेन्सिलीने लिहायचं. चर्चचं पुस्तक आणि खानेसुमारी (जनगणनेला त्या खानेसुमारीच म्हणत) दोन्ही जुळली, तरच पेनने.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. व्याह्यांच्या पणजोबांची, ओले नाव त्यांचं, बाप्तिस्म्याची नोंद सापडली. बापाचं नाव हान्स, पुढे शेताचं नाव हौगेन. त्या शेताच्या मालकाचं नावही हान्सच होतं. व्याह्यांचा वाढदिवस तोंडावर आला होता, म्हणून बाईंनी खानेसुमारी न बघताच पेन उचललं आणि वंशावळ पाठवून दिली. व्याही हरखून गेले. उन्हाळ्यात सगळं गणगोत घेऊन त्या शेतावर जायचं, मूळपुरुषाच्या नावाची पाटी बसवायची, असं ठरलं.

पुढच्या रविवारी बाई मला सांगत होत्या, "आपल्याकडं गावावरून आडनाव पडतं ना, तसं तिकडं शेतावरून. म्हंजे शेत बराबर त्यांचंच."

मी सहज बोलून गेलो, "बाई, राजूरात माझ्या बापाला 'पाटलाचा किसन' म्हणायचे. आम्ही कुठं पाटील झालो?"

बाईंनी भिंग जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "दिनकर, खानेसुमारी उघड."

यादीत त्या शेतावर दोन हान्स निघाले. एक मालक. दुसरा त्याच्याच जमिनीवर झोपडी बांधून त्याच्याकडे राबणारा. आणि लहानगा ओले त्या दुसऱ्याच्या घरात होता. बाईंनी कपाळावर हात मारला. "आरं, चौथीत मी तुला शिकवलं का तू मला?"

सुनीताला फोन केला तर ती काकुळतीला आली. "आई, राहू दे ना आता. पाटी करायला दिलीये. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या. "जमीन नव्हती म्हणून तो गडी बाप पण न्हाई का?"

  व्याह्यांना इंग्रजीत पत्र मीच टाइप केलं. "चूक माझी, असंच लिही. घुमवून लिहू नको," म्हणाल्या. वहीतल्या मालकाच्या नावावर, खालचं वाचता येईल अशी, एकच रेघ मारली आणि शेजारी सही केली.

दोन आठवडे उत्तर नाही. "सोयरीक बिघडवली मी," बाई म्हणायच्या आणि चहा तसाच ठेवायच्या... तिसऱ्या आठवड्यात फोटो आला. शेताच्या कडेला, झाडीलगत, गवतात बुडालेला दगडांचा पाया. तिथं ती झोपडी होती. मागे सगळं गणगोत, आणि पुढे व्याही टोपी हातात घेऊन उभे. नवी पाटी तिथंच लावलेली.

बाईंनी फोटो माझ्यापुढे धरला. "बघ, किसनरावांचे सोयरे!" आणि मग त्या सालगड्याचं, दुसऱ्या हान्सचं नाव त्यांनी पेनने लिहिलं.

बाई गेल्यावर आलेल्या सुनीताने नॉर्वेला परत जाताना ती वही माझ्याकडे दिली. "दादा, आईची नोंद तूच पुरी कर." नातीच्या वंशावळीत बाईंच्या नावापुढे जन्मतारीख आहे, मग एक आडवी रेघ, मग मोकळी जागा. पुरावे दोन्ही आहेत. महापालिकेचा दाखला आला आहे आणि खांदा मी स्वतः दिला आहे. तरी ती तारीख मी अजून पेन्सिलीनेच लिहून ठेवली आहे.