मुद्देमालातलं गाव

साकोलीतल्या त्या धाडीचा विषय निघाला की आजही माझा मलाच राग येतो.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांना सरकार अनुदान देतं, करात सूट देतं. स्थानिक मुलांना काम द्यायचं, ही अट. हायवेलगत अशी एक कंपनी उघडली होती. कागदावर चाळीस जण कामाला. खबर दिली खालच्या चहावाल्याने. "साहेब, चाळीस लोकाईचा ऑफिस, अन् वर चहा जाते दोन कप. काहून?" माणूस पगाराविना महिना काढेल, चहाविना दुपार काढणार नाही. पंच घेऊन मी वर गेलो.

चाळीस टेबलं, चाळीस संगणक. संगणकांचे खोके उघडले तर एक सोडून सारे रिकामे! हजेरीपटावर मात्र रोजच्या सह्या. मालक घाम पुसत म्हणाला, "गेम तयार आहे ना साहेब. तपासणीवाले बघून खूश झाले." त्याने तो एकमेव चालू संगणक दाखवला. पडद्यावर एक गाव होतं. पार, बोडी म्हणजे लहानसं तळं, कौलारू घरं. एका घरावर बोट ठेवून मी विचारलं, "हे कोणाचं?" त्याने खांदे उडवले. "बनवलं कोणी?"

"टीमने."

कोपऱ्यातून एक मुलगी उठली. अख्ख्या कंपनीत काम करणारी ती एकटीच. "माह्या आजाचं घर हाय ते, साहेब. बाजूले शाळा, मांगं बोडी." गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं आपलं गाव तिने बापाला विचारून विचारून घरागणिक उभं केलं होतं. बाकीची पोरं पुढच्या महिन्यात येतील, असं मालक तिला दर महिन्याला सांगायचा. तिचंच गाव दाखवून त्याने अनुदान लाटलं होतं. अर्ध्या तासात कबूल झाला.

सील करायला घेतलं तशी ती आडवी आली. "मालक घरी कॉपी नेऊ देत नोहोता, साहेब. आज पूर्ण झाला म्हून बाबाले बलावलं. तीनच्या बसनं येऊन राह्यले. एकदा पाहू द्या त्याईले, मंग न्या."

"हा मुद्देमाल आहे, सिनेमा नाही!" मी खेकसलो.

सामान उतरवेस्तोवर बस आलीच. जिन्यात धुतलेल्या धोतरातला एक म्हातारा भिंतीला टेकला आणि त्याने आमच्या शिपायाला वाट दिली. शिपायाच्या खांद्यावर तोच संगणक होता.

खटला अजून चालू आहे आणि संगणक मालखान्यात. ती साक्षीला आली तेव्हा मालकाच्या वकिलाने विचारलं, "हे गाव असंच होतं, हे सांगणारं कोणी आहे?"

"बाबा होते. मांगच्या वर्षी गेले."

कोर्टाबाहेर मी माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "तुमचं काम होतं, साहेब. बाबा शेवटपर्यंत विचारत, घरापुढची चिंच गेममंधी काढली काय म्हून. मी म्हणे, काढली."

खोट्या धंद्यातही कुणाचं तरी खरं काम असतं, ते आधी विचारावं, एवढं या प्रकरणाने शिकवलं. पण फार उशिरा. नियमाने मी चुकलो नाही, असं सहकारी म्हणतात. म्हणोत. पंचनाम्याखाली वेळ माझ्याच अक्षरात आहे: दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटे.