रोहण्याच्या भिंतीवरचे देणगीदार

२००७ सालच्या एका सकाळी मी आमच्या वडनेरच्या मारुतीला तेल घातलं, अगरबत्ती लावली आणि देव सोडून सभामंडपाच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसलो. तिच्यावर देणगीदारांची नावं रंगवायची होती. मंदिर समितीचा सचिव म्हणून यादी मीच केलेली. पहिलं नाव माझं. त्यावरून दोन महिने भांडण चालू होतं. कोणीतरी म्हणालं, रोहण्याच्या देवळात नावांऐवजी जनावरं काढलीत, बघून या. मला ती टिंगल वाटली, तरी निघालो.

हिंगणघाट, वर्धा, मग पुलगाव. स्टँडवर तर्री पोहे खा, पण वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, कमी सांगा. पुढे रोहण्यासाठी आर्वीची एसटी, वाटेत खड्डे आहेत. तिकीट स्वस्त, खड्डे फुकट.

रोहण्याला भिंतभर महाप्रसादाची पंगत. टोपीवाला कोल्हा तराजूत बुंदी तोलतोय, चष्म्यातला पोपट उपदेश करतोय, बैल घाम पुसत वरण वाढतोय, हत्ती नुसता मधोमध बसलाय. कडेला तुळशीची माळ घातलेला बगळा; एक डोळा मिटलेला, दुसरा बुंदीवर. मी माझी माळ सदऱ्याच्या आत सरकवली.

दर देणगीदाराचं एक जनावर. कोणतं कोणाचं, हे फक्त पेंटर देवरावला ठाऊक.

देवळासमोरच्या किराणावाल्या शेठजींना विचारलं, तर म्हणाले, "मी हत्ती."

शेजारी वांगी विकणारी मंजुळाबाई हसली. "शेठजी, तराजू कोनाच्या हातात हाय, दिसून नाई राह्यलं काय तुमाले?"

"तू गप राय. तू कोन हायस त्यात?"

"मी बैल. वाढून वाढून कंबर गेली माही."

देवराव तिथंच बिडी ओढत होता. मी विचारलं, "असं काऊन काढता भाऊ?"

"नावं लिहिली तं वरचा कोन, खालचा कोन, यावरून डोकी फुटतात. जनावरं काढली तं सगळेच सोताले हत्ती समजतात. तुमच्या यादीत पयलं नाव कोनाचं हाय?"

"माझं."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. चित्रकाराची ती नजर मला मुळीच आवडली नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाव लिहिलं असतं तं लोक इसरले असते. आता त्या देणगीदारांले जलमभर जनावराच्या नावानं हाक मारतीन."

तिचं खरं होतं. चार दिवस जपाला बसलो की डोळ्यांपुढे मारुतीच्या जागी तो बगळा यायचा. इतकी वर्षं मी देवासमोर बसत होतो, की लोकांना दिसेल असा बसत होतो, हे मला धड सांगता येईना.

पाचव्या दिवशी आरतीनंतर सगळ्यांसमोर यादी फाडली आणि देवरावला निरोप धाडला.