दिलावर मुकादमाची मूठ

मी सातवीत होते तेव्हा अण्णांच्या उजव्या पायावर वितळलेलं लोखंड सांडलं. उचगावजवळच्या एका फौंड्रीत ते साच्यांत रस ओतायचं काम करायचे. पाय वाचला, तीन बोटं गेली, आणि त्यांच्यामागोमाग नोकरी गेली. कारण फौंड्रीच्या रजिस्टरात मुकादमानं एक ओळ लिहिली होती, 'कामगाराने बूट घातले नव्हते.' बूट घातले होते. दवाखान्यात तो बूट कापून काढावा लागला, ते आईनं समोर उभं राहून बघितलं. पण कागदावरची ओळ ती ओळ. पुढची कितीतरी वर्षं आईनं कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये भाकरी थापल्या, अण्णा दारात बसून खाटा विणायला शिकले, आणि मेसमधल्या उरलेल्या भाकरीवर मी शाळा केली. कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. ती ओळ लिहिणारे दिलावर मुकादम दीड महिन्यापूर्वी वारले, आणि हा लेख त्यांच्यावर आहे.

बातमीचा फोन आला तेव्हा आई भाजी निवडत होती. "गेला व्हय? बरं," म्हणाली आणि निवडत राहिली. लेख लिहिणार म्हटल्यावर मात्र भाजीचं ताट बाजूला सारलं. "डोस्कं फिरलंय तुझं! बापाच्या जिवावर उठल्याला त्यो, आणि त्येचं गुणगान गातीयास?" नात्यातले दोघंतिघंही असंच बोलले. बोलू देत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मी कुणी न विचारता सगळीकडं सांगते. आणि कागदावर माणूस उभा करायला मला पदवीनं शिकवलं नाही, दिलावरचाचांनी शिकवलं, हेही मी न विचारता सांगणार.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी पहिली कथा लिहिली. इथल्याच एका दिवाळी अंकात ती छापून आली. कथेतला मुकादम लालबुंद डोळ्यांचा, दारूनं तर्र, कामगार भाजल्यावर खदाखदा हसणारा. नाव बदललं होतं, पण गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. एका रविवारी सकाळी दारात माणूस उभा. काटकुळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, काखेत तो अंक. अण्णा दारातच खाट विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. चाचांनीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

"ही गोष्ट तू लिवलीस व्हय?"

"व्हय. काय म्हणणं हाय?" वीस वर्षांची होते, अंगात रग होती.

"नाव बदललंस, त्ये बरं केलंस. पण माणूसबी बदललास की! मी जल्मात दारूला शिवल्यालो न्हाय. आणि पाय भाजल्याला बघून हसतोय म्हणं! आगं, मी हसलो न्हाय. मी त्या सांजंला घरी जाऊन पोटभर जेवलो. त्ये लिव की!"

आतून आई कडाडली, "बघा! वर तोंड करून सांगतोय बघा!"

चाचा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "वैनी, शिव्या मागनं घाला, मी बसतो हितंच." आणि मग माझ्याकडं वळून, "तुझा मुकादम भरीव ओतलायस पोरी. पंपाची बॉडी भरीव ओतली तर पाणी कुठनं जाईल? आत वाळूचा कोर बसवावा लागतोय, तवा पोकळी ऱ्हाती. ह्यात कोर बसवलाच न्हाईस." अंक तिथंच ठेवून ते निघून गेले. मी तो चुलीत घालायला निघाले होते... घातला नाही.

पदवी झाली, शाळेत नोकरी लागली, आणि त्या कथेची कादंबरी करायचं मी मनावर घेतलं. एका कथालेखन शिबिराला गेले. तिथं सांगितलं गेलं की खलनायकाला एखादी हळवी बाजू द्या, म्हणजे तो खरा वाटतो. मी तीन दिल्या. कबुतरं दिली, आजारी मुलगी दिली आणि मालकाची धमकी दिली. मग हस्तलिखित घेऊन मी स्वतःच चाचांच्या घरी गेले. ते तोवर काम सोडून घरी बसले होते. म्हणाले, "वाच." मी वाचलं. कबुतरांना दाणे टाकायच्या प्रसंगाला त्यांना हसता हसता ठसका लागला.

"मी कबुतरं कवा पाळली गं? शेजारची आली तर दगूड मारतोय! आणि माझ्या शबानाला कशापायी आजारी पाडलीस? इचलकरंजीत नांदतीया, दोन माणसांचं काम एकटी वडतीया."

मालकाची धमकी आली तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

"ह्ये काढ. मालक त्या दिवशी गावात न्हवता. मला कुणी लिव म्हटलं न्हाय. मी आपणहून लिवलं."

"का पण?"

लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो, आणि ती वाळू किती ओली हे मुठीत दाबून बघतात. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत आणि ढेकूळ मोडलं की स्वच्छ दोन तुकडे झाले पाहिजेत. ओल जास्त राहिली की रस आत पडताच उसळतो. दिलावरची मूठ म्हणजे मशीन, असं लोक म्हणायचे. दुसऱ्या फौंड्र्यांतून त्यांना वाळू बघायला बोलावणं यायचं.

"त्या दिवशीची वाळू मीच पास केलती. मूठ चुकली. तुझ्या बाचा पाय भाजला त्येचं वाईट वाटलं, न्हाय कसं? पण मूठ चुकली ह्ये लोकांस्नी कळंल, त्येचं जास्त वाटलं. म्हणून बूट लिवलं." आणि हे सांगताना त्यांनी मूठ वळून मला दाखवली... अभिमानानं! त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला मला. पुढं केलेला चहा न पिता उठून आले.

अण्णांना सांगितलं. ते विणता विणता म्हणाले, "मला ठावं हुतं. साचा धरला तवाच हाताला गार लागलाता."

"मग बोलला का न्हाईसा?"

"दिलावरनं बघितल्याली वाळू, पोरी. मला वाटलं माझाच हात चुकतोय."

त्यानंतर मी कादंबरी पहिल्या पानापासून लिहायला घेतली. कबुतरं उडवली, मुलगी बरी केली, मालकाला गावाबाहेर पाठवला. उरला एक हुशार, निर्व्यसनी, आपल्या मुठीवर प्रेम करणारा माणूस, ज्यानं दुसऱ्याचं घर बुडवलं आणि पोटभर जेवला. राग होताच, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी मी पुन्हा चाचांकडं जाऊन प्रकरण वाचून दाखवायची. आमची भांडणं व्हायची. 'मला जरा चांगला दाखव' म्हणून ते कधी भांडले नाहीत, 'असं मी बोलणार न्हाय' म्हणून भांडले.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी कळवलं, लेखन दमदार आहे, मात्र शेवटी मुकादमाला पश्चात्ताप झालेला दाखवा, वाचकाला दिलासा हवा असतो. मी उत्तर पाठवलं, माझ्या वडिलांना दिलासा मिळालेला नाही, तो वाचकाला कुठून आणून देऊ? हस्तलिखित परत आलं. दुसऱ्या प्रकाशकांनी वेगळ्या शब्दांत तेच मागितलं, तिथूनही परत आलं. मैत्रिणी म्हणाल्या, एक तर प्रसंग आहे, टाक की, पुस्तक तरी येईल. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. चाचांना विचारलं. म्हणाले, "माफी मागतोय असं लिवलंस तर पुन्हा तुझ्या दारात यीन बघ, आणि ह्या बारीला वैनीच्या शिव्या खाऊनबी हलणार न्हाय."

नाही लिहिलं. हस्तलिखित दोन वर्षं पडून राहिलं. शेवटी इथल्याच एका छोट्या प्रकाशकानं ते आहे तसं घेतलं. छापायला जाण्याआधी मी ते सगळं अण्णांना वाचून दाखवलं, चार रविवार लागले. अण्णा शेवटी म्हणाले, "आता बराबर हाय. आता राग येतोय मला त्येचा. त्या पैल्या गोष्टीतल्याचा येत न्हवता, त्ये बुजगावणं हुतं."

पुस्तक आलं आणि तीन महिन्यांत चाचा गेले. चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले, आईनं अडवलं तरी. शबानानं पुस्तक वाचलेलं होतं. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि तिचा तो हक्कच होता. तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं.

"ताई, शेवटच्या पानापत्तूर वाटत हुतं, अब्बा एकदा तरी माफी मागतील."

"न्हाईत मागितली त्यांनी."

"न्हाईच मागणार," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "अब्बाच हायत ते."

मी चाचांना माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण ज्याचा पाय भाजला त्या माझ्या बापाला आणि चाचांचं बोट धरून चालायला शिकलेल्या त्यांच्या लेकीला, दोघांनाही त्या पुस्तकात एकच दिलावर मुकादम भेटला. फौंड्री कामगाराच्या पोरीनं एक अख्खा माणूस लिहिला आहे, आणि तो छापून आला आहे.